पुठ्ठ्याचे दोन देश

कुर्ला स्टेशनातून पश्चिमेला उतरून अंधेरीचा रस्ता धरला, की बैलबाजारापासून भंगाराचे गाळे दिसू लागतात आणि जरीमरीपर्यंत ते साथ सोडत नाहीत. सीएसटी रोडला कापडियानगरच्या बाजूलाही तेच दृश्य. लोखंड, तांबं, मोटारींचे सुटे भाग, प्लास्टिकचे पिंप आणि त्यांच्या शेजारी छपराला टेकेल इतका रचलेला पुठ्ठा. कागद हा या धंद्यातला अवघड माल आहे. तो जागा फार अडवतो, भाव थोडा देतो, पावसात भिजतो आणि उन्हाळ्यात एका ठिणगीनं पेटतो. तरीही तो गोळा होतो. दुकानाच्या पायरीशी रात्री टाकलेलं खोकं सकाळी तिथं नसतं. महापालिकेची गाडी येण्याआधीच कुणीतरी ते सपाट करून पाठीवर घेतलेलं असतं.

हा कागद तीन वाटांनी येतो. पहिली वाट घरची. वर्तमानपत्रं, वह्या, पाठ्यपुस्तकं महिना-दोन महिने साठवायची आणि कोपऱ्यावरच्या पस्तीवाल्याच्या काट्यावर घालायची. ही सवय मुंबईच्या मध्यमवर्गात इतकी मुरलेली आहे, की पेपरचं महिन्याचं बिल आणि रद्दीचे आलेले पैसे यांचा हिशेब अनेक घरांत एकत्रच होतो. दुसरी वाट दुकानं, मॉल आणि कार्यालयांची. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या मॉलमधून किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इमारतींमधून निघणारा माल कंत्राटदार ठरावीक दरानं उचलतात. तिसरी वाट रस्त्याची. तिथं खोक्याला कुणी मालक नसतो. जो आधी वाकेल त्याचं ते खोकं, आणि वाकणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत.

तिन्ही वाटा गोदामात एकत्र येतात आणि छाटणी सुरू होते. पांढरा कागद वेगळा, छापील रंगीत वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर चढवलेला कागद बाजूला काढायचा, पिना आणि चिकटपट्ट्या ओढायच्या, वह्यांचे रेक्झिनचे पुठ्ठे फाडायचे. मग गाठी बांधल्या जातात आणि ट्रक भरून बहुतेक माल उत्तरेला जातो. वापी हे नाव कुर्ल्याच्या प्रत्येक पुठ्ठेवाल्याच्या तोंडी असतं, कारण तिथं क्राफ्ट कागदाच्या गिरण्यांची मोठी वसाहत आहे. गिरणीत पल्परमध्ये पाणी घालून पुठ्ठा घुसळतात, लगदा गाळतात, तारेच्या जाळीवर पसरवतात, तापलेल्या रुळांवर वाळवतात. रुळावरून उतरलेला तपकिरी कागद भिवंडी-वसईच्या खोकी बनवणाऱ्यांकडे येतो आणि काही आठवड्यांत तेच तंतू नव्या खोक्याच्या रूपानं कुर्ल्याच्या एखाद्या दुकानात परत येऊ शकतात.

कुर्ल्यात गोळा होणारा हा कागद शेवटी देशाच्या आकड्यात मिसळतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना जगातल्या प्रत्येक देशात दरवर्षी किती जुना कागद परत गोळा झाला याचे आकडे ठेवते. हे आकडे दोन देशांसाठी शेजारी ठेवून वाढीची तुलना करणं हा अभ्यासकांचा नेहमीचा प्रघात. भारतासाठी दुसरा देश म्हणून चीन घेण्यासारखा आहे. लोकसंख्या जवळपास सारखी, दोघांकडे लाकूड कमी, दोघांकडे रद्दी वेचणारी माणसं खेड्यांतून शहरात आलेली. पण या तुलनेतून आपण सहसा जो निष्कर्ष काढतो, की चीननं करून दाखवलं आणि आपण मागे राहिलो, तो मला पटत नाही. तो का पटत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी चीनचे आकडे पाहू. 2000 साली चीननं सुमारे 37 लाख टन रद्दी बाहेरून आणली होती. 2012 साली हीच आयात 3 कोटी टनांवर पोचली. बारा वर्षांत आठपट. या वाढीच्या मागे एका बाईची कथा आहे, ती आपल्याकडच्या धंदेवाल्यांनाही ऐकायला आवडेल. झांग यिन ही 1990 साली हाँगकाँगहून अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेली. तिथं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं जुन्या गाडीतून फिरत कचरा डेपोवाल्यांशी रद्दीचे सौदे केले. चीनमधून अमेरिकेत माल घेऊन आलेली जहाजं परतताना जवळपास रिकामी जात, त्यामुळे परतीचं भाडं अगदी स्वस्त. त्या रिकाम्या कंटेनरांत अमेरिकन खोकी भरून ती चीनला पाठवू लागली. 1995 साली डोंगग्वानमध्ये नाइन ड्रॅगन्स या कंपनीनं आकार घेतला. चीनमध्ये बनलेली खेळणी, टीव्ही, चपला ज्या खोक्यांत भरून अमेरिकेला जात, ती खोकी अमेरिकेनं फेकलेल्या खोक्यांतूनच बनत. 2006 साली चीनमधल्या श्रीमंतांच्या हुरून यादीत झांग यिन पहिली आली. त्या यादीत पहिलं स्थान मिळवणारी ती पहिली स्त्री.

देशातली गोळाबेरीजही वाढतच होती. चीनच्या कागद संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली देशांतर्गत 4 कोटी टन रद्दी जमा झाली. त्यानंतरच्या दशकात ती 5 कोटींच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळली. जुलै 2017 मध्ये चीननं जागतिक व्यापार संघटनेला कळवलं, की 24 प्रकारचा कचरा आम्ही यापुढे घेणार नाही. त्यात न छाटलेली मिश्र रद्दी होती. मार्च 2018 पासून येणाऱ्या मालात अर्ध्या टक्क्याहून अधिक घाण चालणार नाही असा नियम आला. 1 जानेवारी 2021 पासून दार पूर्ण बंद झालं. 2017 साली अडीच कोटी टनांच्या घरात असलेली आयात 2020 साली 69 लाखांवर आणि पुढच्या वर्षी शून्याजवळ आली.

आणि त्याच 2021 साली देशातली जमा एका वर्षात जवळजवळ एक कोटी टनांनी वाढली. 5 कोटी 49 लाखांवरून 6 कोटी 49 लाखांवर. बाहेरचा स्वस्त माल थांबला, गिरण्यांना तंतू हवेच होते, भाव चढला, आणि जो कागद आधी उचलायला परवडत नव्हता तो उचलायला परवडू लागला. त्याच वर्षी चीनमध्ये कुरियरची दहा हजार कोटींहून अधिक पार्सलं वाटली गेली, म्हणजे फोडायला खोकीही तितकीच होती. रद्दी किती गोळा होते हे लोकांच्या पर्यावरणप्रेमावर फार थोडं अवलंबून असतं. ते काट्यावरच्या भावावर आणि घरात येणाऱ्या खोक्यांवर अवलंबून असतं.

चीननं जी रद्दी नाकारली ती हवेत विरली नाही. ती व्हिएतनामला, इंडोनेशियाला गेली आणि मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे आली. 2018 नंतर भारताची रद्दीची आयात वर्षाला 50 लाख टनांच्या घरात गेली आणि आज आपण जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांत आहोत. म्हणजे त्याच दोन-तीन वर्षांत दोन देशांनी नेमक्या उलट दिशा धरल्या. त्यांनी दार लावून घेतलं. आपलं दार उघडंच होतं आणि त्यातून येणारा लोंढा वाढला. न्हावा शेवा बंदरात उतरलेली अमेरिकन खोक्यांची गाठ आणि कुर्ल्याच्या गोदामात बांधलेली गाठ शेवटी वापीतल्या एकाच गिरणीच्या फाटकावर उभ्या राहतात. बाहेरचा भाव उतरला की गिरणी कुर्ल्याच्या मालाचा भाव पाडते. गोदामवाला पस्तीवाल्याचा दर कमी करतो. शेवटी ही कपात रस्त्यावर खोकी वेचणाऱ्या बाईच्या पिशवीपर्यंत पोचते, आणि तिच्याखाली कुणीच नसतं, म्हणून ती तिथंच थांबते.

उलटही घडलं, पण थोड्या काळासाठी. 2020 च्या टाळेबंदीत मुंबईत काही काळ वर्तमानपत्रं घरी येणं बंद होतं. दुकानं, मॉल, कार्यालयं बंद होती. म्हणजे तिन्ही वाटा एकदम आटल्या. दुसरीकडे खोक्यांची मागणी वाढत होती. शिवाय दार बंद केलेल्या चिनी गिरण्या रद्दी घेऊ शकत नव्हत्या, पण रद्दीपासून बनवलेला लगदा किंवा क्राफ्ट कागदाची रिळं घेऊ शकत होत्या, कारण तो कचरा नव्हे, पक्का माल. त्यामुळे भारतातून क्राफ्टची रिळं चीनला जाऊ लागली. समुद्राचं भाडंही भडकलं होतं. 2020 च्या अखेरीस आणि 2021 च्या सुरुवातीला देशात पुठ्ठ्याचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या आसपास गेला आणि खोकी बनवणाऱ्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी निर्यात रोखण्यासाठी सरकारकडे धाव घेतली. त्यांची अडचण खरी होती. त्यांचे दर मोठ्या ग्राहकांशी आधीच ठरलेले असतात, कच्चा माल मात्र आठवड्याला महाग होतो. पण पुठ्ठा महागल्याबद्दल त्या काळात जे लिहिलं गेलं त्यात गोळा करणाऱ्यांच्या बाजूनं एक ओळही फारशी दिसली नाही, याचं मला वाईट वाटतं. कितीतरी वर्षांनी त्यांच्या मालाला जरा बरे दिवस आले होते. पुढच्या वर्षी जगभर भाव पुन्हा कोसळले.

आता भारताच्या आकड्याकडे येऊ. सरकारी आणि औद्योगिक कागदपत्रांत वर्षानुवर्षं एक गोष्ट वाचायला मिळते, की भारतात वापरलेल्या कागदापैकी तीस-चाळीस टक्केच परत गोळा होतो, जपानसारख्या देशात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ जातं आणि म्हणून आपल्याला बाहेरून आणावं लागतं. हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलं आहे, की त्याचा हिशेब कुणी करून पाहत नाही. आपण ढोबळ करून पाहू. देशात वर्षाला साधारण 2 कोटी 20 ते 40 लाख टन कागद आणि पुठ्ठा बनतो. त्यातला सुमारे 70 टक्के रद्दीपासून. म्हणजे 1 कोटी 60 लाख टन. एक टन कागद करायला एक टनाहून अधिक रद्दी लागते, कारण पाणी, माती, पिना, शाई आणि तुटके तंतू वाया जातात. पंधरा-वीस टक्के घट धरली तर गिरण्यांना 1 कोटी 85 लाख टनांच्या आसपास रद्दी हवी. त्यातून आयातीचे 50 ते 75 लाख टन वजा करा. उरतात 1 कोटी 10 ते 35 लाख टन. ते देशातच कुठून तरी आले. देशाचा एकूण वापर 2 कोटी 30 लाख टन धरला, तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं.

2021 साली चीनचं अधिकृत प्रमाण किती होतं? 51 टक्के.

हा हिशेब पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, पण त्यातून निघणारी गोष्ट बदलत नाही. हातात आलेल्या कागदातला किती परत दिला, या बाबतीत दोन्ही देश जवळपास बरोबरीचे आहेत. फरक आहे तो हातात किती आला यात. 2021 साली चीनमध्ये माणशी कागदाचा वापर जवळजवळ 90 किलो होता. आपल्याकडे तो 15-16 किलो. चीनच्या साडेसहा कोटी टनांची आणि आपल्या सव्वा कोटी टनांची तुलना करताना आपण खरं तर दोन देशांतली खोकी फोडण्याची ऐपत मोजत असतो. काटकसर त्यात कुठंच मोजली जात नाही.

शिवाय आपल्या वापरातला बराच कागद गिरणीच्या फाटकापर्यंत पोचतच नाही, आणि तो वायाही जात नाही. कुर्ल्यातच पाहा. वर्तमानपत्राचा पुडा होतो, चण्या-दाण्यांचा शंकू होतो, फळवाल्याच्या पाटीत आंब्याखाली तो घातला जातो, काचेच्या मालाच्या खोक्यात बोळे करून भरला जातो, कपाटाच्या फळीवर अंथरला जातो, गणपतीच्या मखराला आणि कागदी लगद्याच्या मूर्तीला लागतो. जुन्या पाठ्यपुस्तकांची तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलापर्यंत विक्री होते. खाद्यपदार्थ छापील कागदात बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत आहे, आणि शाईतली रसायनं पोटात जातात म्हणून ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी जूनपासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कागदी पिशव्या चिकटवण्याचा घरगुती धंदा वाढला. हा सगळा पुनर्वापर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. उलट, गिरणीपर्यंत न पोचल्यामुळे तो गळती म्हणून धरला जातो.

मराठी मुलखात जुन्या तंतूंचा नवा कागद करणं काही आजचं नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या आणि जुना कागद कुटून हातकागद करण्याची परंपरा शतकांची आहे आणि जुन्नरी कागदावर पेशवाईतली दफ्तरं लिहिली गेली. यंत्राच्या काळात मात्र गिरण्या बांबू आणि लाकडाकडे गेल्या. 1970 च्या सुमारास देशातल्या कागदात रद्दीचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. पुढं कागदटंचाई आली, लहान गिरण्यांना सवलती मिळाल्या, परदेशातली जुनी यंत्रं आणून त्या उभ्या राहिल्या. 1988 च्या वन धोरणानंतर सरकारी जंगल गिरण्यांना स्वस्तात मिळणं थांबलं. दहा टक्क्यांवरून सत्तरपर्यंतचा हा प्रवास चीनच्या वाढीइतकाच थक्क करणारा आहे. तो झांग यिनसारख्या कुणाच्या नावावर नाही, इतकंच.

आयात का लागते याला दुसरंही कारण आहे आणि ते टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. कागदाचा तंतू अमर नसतो. दर वेळी भिजून, घुसळून, वाळून तो आखूड आणि ताठर होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्याला पकड राहत नाही. आपल्याकडचं खोकं बहुतेक वेळा आधीच अनेक फेऱ्या केलेल्या तंतूंचं असतं. अमेरिकेतल्या खोक्यात पाइनच्या लाकडाचा ताजा, लांब तंतू असतो. तो मिसळल्याशिवाय जड मालाचं खोकं टिकत नाही. म्हणून चीनसारखं दार एकदम लावून घ्या असं मी म्हणणार नाही. चीनलाही ते सोपं गेलं नाही. नाइन ड्रॅगन्सनं 2018 मध्ये अमेरिकेतल्या मेन आणि विस्कॉन्सिन राज्यांतल्या गिरण्या विकत घेतल्या. तेवढं भांडवल वापीच्या गिरणीवाल्याकडे नाही. पण लांब तंतूसाठी आणलेली खोकी वेगळी आणि आपल्याकडे मुबलक असलेल्या मिश्र रद्दीवर बाहेरची मिश्र रद्दी ओतणं वेगळं. पहिल्याची गरज आहे. दुसऱ्यानं फक्त भाव पडतो, आणि आजही त्या गाठींतून प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, डायपर निघतात. मुझफ्फरनगरच्या गिरण्यांभोवती त्या परदेशी प्लास्टिकचे ढीग साचल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत.

चीनमध्येही हा कागद कुणीतरी वेचतच होतं. बीजिंगच्या रद्दीच्या धंद्यात हनान प्रांतातून, त्यातही गुशी परगण्यातून आलेल्या कुटुंबांचा मोठा भरणा होता. शहराच्या उत्तरेला डोंगश्याओकोऊ नावाची त्यांची आख्खी वसाहत होती. गेल्या दशकात ती पाडली गेली, शहराच्या कडेकडेनं त्यांना आणखी लांब ढकललं गेलं. देशाचा आकडा वर जात होता त्याच वर्षांत हे घडलं.

आपल्या बाजूची कुटुंबं कुठून आली? 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसं मुंबईला आणि पुण्याला आली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि जातीमुळे घरकामाची दारंही बंद होती, त्यातल्या बायकांनी पोतं घेतलं. त्यांतल्या बहुतेक दलित समाजांतल्या. मुंबईत त्या चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात, 1927 पासून चालू असलेल्या देवनार डेपोच्या आसपास वसल्या, आणि कुर्ला हा त्यांच्या फेरीचा भाग झाला. उत्तर प्रदेशातून आलेल्या पुरुषांनी गोदामं आणि फेऱ्या धरल्या, गुजराती-कच्छी कुटुंबांनी पस्तीची दुकानं. बायका सगळ्यांत खालच्या पायरीवर राहिल्या. काच हातात घुसणं, कुत्री चावणं, पोलिसांनी चोर समजून हटकणं, रात्री उशिरा अंधाऱ्या गल्लीत खोकी शोधणं हे सगळं त्या पायरीवर रोजचं आहे.

पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचं नेतृत्व होतं आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी संघटनेची बांधणी केली. 1995-96 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांवर आपली मोहर उमटवली. ओळखपत्र म्हणजे प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागदच, पण ते असलं की हटकणाऱ्या शिपायाला उत्तर देता येतं. 2001 साली पंचायतीशी जोडलेल्या अभ्यासकांनी पुण्यातल्या भंगाराच्या साखळीची मोजणी केली: वेचणाऱ्या किती, फेरीवाले किती, दुकानं किती, कोण किती माल हाताळतं. पुढं 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करू लागली. मुंबईत 1975 पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेनं 1998 मध्ये परिसर विकास हा उपक्रम सुरू केला. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर या संघटनेच्या. वेचणाऱ्या बायकांना त्यांनी परिसर भगिनी म्हटलं, त्यांचे बचतगट केले, सोसायट्या आणि कंपन्यांच्या आवारात सुका कचरा वेगळा करण्याचं काम त्यांना मिळवून दिलं.

या सगळ्याचा रद्दीच्या आकड्याशी थेट संबंध आहे. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा झाला तर कागद कोरडा राहतो. कोरडा कागद पूर्ण भावात जातो. ओल्या कागदावर गिरणी ओलाव्याची कपात लावते, आणि आमटी सांडलेला कागद तर कुणीच घेत नाही. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा आहे. त्या चार महिन्यांत रस्त्यावरचा पुठ्ठा भिजतो, गोदामात बुरशी धरतो. मिठी नदीच्या काठच्या गोदामांनी 26 जुलै 2005 चा पूर पाहिला आहे. पुरानंतर नदी रुंद करताना काठची कितीतरी गोदामं हटवली गेली. नदीला जागा हवी होती, यात शंका नाही. पण हटवलेल्या गोदामांना दुसरीकडे कोरडी, कायदेशीर जागा देण्याचं काम झालं नाही आणि धंदा पुढच्या गल्लीत, आणखी दाटीत, आणखी आगीच्या तोंडाशी गेला. मुंबई रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा टाकते. त्यातून कागद वाचवायचा असेल तर पहिली गरज छपराची आहे. छाटणीची अत्याधुनिक यंत्रं नंतर आली तरी चालतील.

छपराचा प्रश्न आता आणखी अवघड होतो आहे. धारावीच्या पुनर्विकासात भंगाराच्या उद्योगांचं काय होणार, यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. त्याच प्रकल्पासाठी जून 2024 मध्ये कुर्ल्यातली मदर डेअरीची साडेआठ हेक्टर जमीन देण्यात आली, तेव्हा नेहरूनगरचे रहिवासी तिथं झाडं आणि उद्यान हवं म्हणून रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागणीशी माझं भांडण नाही. मला फक्त एवढंच दिसतं, की कुर्ल्यातल्या जमिनीच्या कुठल्याही वादात घरं, बाग, मॉल, रस्ता हे चार पक्ष असतात आणि रद्दीचं गोदाम हा पक्षच नसतो.

डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठी उत्पादकांची जबाबदारी ठरवणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. प्लास्टिकसाठी जे आहे तेच आता खोक्यांसाठी: माल विकणाऱ्या कंपनीनं तितकी वेष्टनं परत गोळा झाल्याची जबाबदारी घ्यायची आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून त्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. कल्पना चांगली आहे. यामुळे पहिल्यांदा आपल्याला विश्वासार्ह आकडा मिळू शकेल. पण प्रमाणपत्र तयार होणार गिरणीच्या फाटकावर, म्हणजे त्याचा पैसाही तिथंच उतरणार. कुर्ल्यातल्या गोदामाकडे जागेचा कागद नसतो, म्हणून परवाना नसतो, म्हणून नोंदणी होत नाही. त्याच्याकडे माल आणणाऱ्या बाईची तर कुठंच नोंद नाही. रद्दीवर 5 टक्के जीएसटी आहे. पक्की पावती देणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यामार्फतच गिरणी माल घेते, आणि प्रत्येक अशा पायरीला थोडा थोडा भाव गळतो.

महापालिकेच्या एल विभागात, म्हणजे कुर्ल्यात, सुका कचरा छाटण्यासाठी पक्क्या छपराच्या जागा आखून त्या वेचणाऱ्या बायकांच्या गटांना चालवायला देता येतील. तिथं काटा असेल, दर दिवशीची नोंद असेल, आणि गिरणीनं दिलेला भाव भिंतीवर लिहिलेला असेल. प्रमाणपत्राच्या पैशातला ठरावीक हिस्सा त्या काट्यापर्यंत यावा, असं नियमात लिहून घेता येईल. स्वस्त मिश्र रद्दीच्या आयातीवर वेगळा कर लावून लांब तंतूंची खोकी त्यातून वगळता येतील. यातलं काहीच अशक्य कोटीतलं नाही. चीनला एक कोटी टनांची वाढ एका वर्षात साधली ती भाव चढल्यामुळे. आपल्याकडे भाव चढला तर तो वरच्यावर वाटला जाऊ नये, एवढी तजवीज मात्र आधी करावी लागेल, आणि ती करण्याचा अधिकार महापालिकेच्या कार्यालयापासून दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत आज ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे कुर्ल्याच्या गोदामांची साधी यादी असणं ही त्यातली पहिली पायरी आहे.